कोटिंगच्या चलनावर तापमानाचा रकाना हवा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

भोसरी, चिंचवड, चाकण या पट्ट्यातील लहान कारखान्यांतून पोलादी सुटे भाग कोटिंगसाठी बाहेर जातात, तेव्हा सोबतच्या चलनावर नगांची संख्या, कोटिंगचे नाव, जाडी किती मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि फार तर रंग एवढेच लिहिलेले असते. कोटिंग होताना तो जॉब, म्हणजे तो सुटा भाग, किती तापणार आहे आणि किती तापलेला त्याला चालेल, याला त्या कागदावर जागाच नसते. हीट ट्रीटमेंट विभागात आणि टूलरूममध्ये उभी हयात घालवलेला धातुतंत्रज्ञ या नात्याने माझे ठाम मत आहे, की या एका रिकाम्या जागेपायी आपण चांगले पोलाद आणि चांगले कोटिंग ही दोन्ही वाया घालवत आहोत. आपल्या वाचकांत लघुउद्योजक, सुपरवायझर आणि आयटीआयचे विद्यार्थी मोठ्या संख्येने असल्यामुळे हा पत्रप्रपंच.

माझे म्हणणे मुख्यतः स्पटरिंगने चढवलेल्या धातूच्या थराविषयी आहे. या पद्धतीत जॉब एका बंद चेंबरमध्ये टांगतात, आतली हवा पंपाने जवळजवळ पूर्ण काढून घेतात आणि थोडासा आर्गॉन वायू सोडतात. ज्या धातूचा थर हवा त्याची जाड पाटी, म्हणजे टार्गेट, ऋण विद्युतदाबावर ठेवली की आर्गॉनचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, तिच्यावर जाऊन आदळतात आणि कॅरमच्या स्ट्रायकरने सोंगट्या फुटाव्यात तसे तिच्यातले अणू बाहेर उडवतात. ते अणू समोरच्या पोलादावर बसत जातात. विरल वायूतून वीज वाहताना धातूचा असा थर साचतो हे विल्यम ग्रोव्ह यांनी १८५२ मध्येच नोंदवले होते. कारखान्यात वापरण्याइतका वेग मात्र विसाव्या शतकाच्या सत्तरीत, टार्गेटमागे चुंबक बसवणारी मॅग्नेट्रॉन पद्धत रुळल्यावर आला. आज या पद्धतीकडे ओढा वाढण्याचे एक कारण असे, की हार्ड क्रोम प्लेटिंगच्या टाकीतले सहा संयुजेचे क्रोमियम कर्करोगकारक आहे आणि त्यासाठी लागणारे क्रोमियम ट्रायऑक्साइड २१ सप्टेंबर २०१७ नंतर युरोपीय संघात खास परवानगीशिवाय वापरता येत नाही. टाकीकडून चेंबरकडे जाणे ही चांगलीच गोष्ट आहे. पण टाकीतले द्रावण जॉबला फार तापू देत नाही, चेंबर देतो. हा फरक अनेकांच्या लक्षात येत नाही.

काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या उद्योजकाचे काम माझ्याकडे सल्ल्यासाठी आले होते. ते बेअरिंगच्या पोलादाच्या, म्हणजे ज्याला आपल्याकडे एन ३१ म्हणतात त्याच्या, बोटाएवढ्या जाडीच्या गाइड पिना बनवत. हार्डनिंगनंतर १८० अंश सेल्सिअसला टेम्परिंग केलेल्या, म्हणजे ठिसूळपणा कमी करण्यासाठी पुन्हा बेताने तापवलेल्या, या पिनांचा हार्डनेस (कठीणपणा) रॉकवेल सी या मापाने ६१ भरत असे. असे पोलाद टेम्परिंगच्या तापमानाहून जास्त तापले तर नरम पडते. त्यांवर प्लेटिंगऐवजी स्पटरिंगने तीन मायक्रॉन क्रोमियम चढवायचे ठरले. ज्यांच्याकडे काम दिले त्यांनी, पिना नरम पडू नयेत या सद्हेतूने, हीटर न लावताच पहिली खेप केली. पिना परत आल्या त्या राखाडी आणि मंद रंगाच्या. जाडी बरोबर होती, मापे बरोबर होती, हार्डनेस तर तसाच होता, त्यामुळे कोणी हरकत घेतली नाही. जुलै महिना होता. तिसऱ्या आठवड्यात खोके उघडले तेव्हा पिनांवर मोहरीहून बारीक तांबूस ठिपके उठलेले होते, आणि कापडाने पुसल्यावर ते जात नव्हते, कारण गंज वरचा नव्हता, थराच्या खालून फुटून आलेला होता.

त्यातली एक पिन आम्ही मोडली आणि एका अभियांत्रिकी महाविद्यालयातील इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तिची कड पाहिली. दाट पेरलेल्या ज्वारीच्या रानाकडे बांधावर बसून पाहावे तसे ते दृश्य होते. पोलादावरून उभे वाढलेले खांब, वरच्या टोकाला कणसासारखे फुगीर, डोकी एकमेकांना टेकलेली, पण खाली खांबाखांबांमध्ये सरळ पोलादापर्यंत गेलेल्या फटी. तीन मायक्रॉनचा थर तिथे होता, हे खरे; पण पाण्याला आणि हवेला अडवील असा तो नव्हता.

हे का होते, याचे उत्तर पन्नास वर्षांहून अधिक काळ पुस्तकांत आहे. टार्गेटवरून आलेला अणू जिथे पडतो तिथेच चिकटून राहिला, तर आधी उंच झालेल्या जागेची सावली शेजारच्या खळग्यावर पडते, उंच जागा अधिक उंच होत जाते आणि खळगा उपाशी राहतो. पृष्ठभाग पुरेसा गरम असेल तर पडलेला अणू थोडा सरकतो, खळग्यात जाऊन बसतो आणि फट बुजते. किती गरम म्हणजे पुरेसे, हे थर कोणत्या धातूचा आहे त्यावर ठरते. कीव्ह येथील मोव्चान आणि देमचिशिन यांनी १९६९ मध्ये बाष्पीभवनाने केलेल्या जाड थरांचा अभ्यास करून दाखवले, की थराची घडण ही जॉबचे तापमान आणि त्या धातूचा द्रवणांक यांच्या गुणोत्तरावर ठरते, मात्र दोन्ही तापमाने केल्विनमध्ये, म्हणजे सेल्सिअसच्या आकड्यात २७३ मिळवून, घ्यायला हवीत. गुणोत्तर सुमारे ०.३ च्या खाली असेल तर फटींचे खांब, त्याच्या वर घट्ट बसलेले स्तंभ, आणि साधारण ०.५ च्या पुढे मोठे झालेले, नव्याने घडलेले स्फटिक. अमेरिकेत जॉन थॉर्नटन यांनी १९७४ मध्ये स्पटरिंगसाठी हाच नकाशा पुन्हा आखला आणि त्यात आर्गॉनचा दाब ही दुसरी बाजू जोडली. दाब जास्त असेल तर उडालेले अणू वाटेत वायूला धडकून आपला जोर गमावतात आणि फटी वाढतात. दाब कमी असेल तर ते जोर राखून येऊन आदळतात आणि कमी तापमानालाही थर दाट बसतो.

आता आमच्या पिनांचा हिशेब पाहावा. क्रोमियम १९०७ अंश सेल्सिअसला, म्हणजे २१८० केल्विनला वितळते. त्याचे ०.३ पट ६५४ केल्विन, म्हणजे सुमारे ३८० अंश सेल्सिअस. हीटर बंद ठेवून केलेल्या खेपेत पिना समजा शंभर अंशांपर्यंत तापल्या असतील, तर गुणोत्तर जेमतेम ०.१७ होते. वर आर्गॉनचा दाबही चढा ठेवलेला होता. फटी पडल्या यात नवल नव्हते.

हाच हिशेब ॲल्युमिनियमला लावला तर चित्र उलटे होते. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळते, त्यामुळे साध्या खोलीच्या तापमानालाच त्याचे गुणोत्तर ०.३२ भरते, आणि जॉब २०० अंशांना नेला तर ते ०.५ च्या पुढे जाऊन कण मोठे होतात व थर दुधी, धुरकट दिसू लागतो. टायटॅनियमला ०.३ गाठायला तीनशेच्या वर जावे लागते. टंगस्टनला तर आठशे अंशही कमी पडतात, आणि तिथपर्यंत नेलेल्या कठीण पोलादात कठीण म्हणण्यासारखे काही उरत नाही. म्हणूनच “आमचे कोटिंग दोनशे अंशांना होते” या वाक्याला, कोणता धातू हे सांगितल्याशिवाय, काहीही अर्थ नाही.

क्रोमियमच्या थरात फट राहणे पोलादाला विशेष महागात पडते, हेही सांगायला हवे. जस्त किंवा ॲल्युमिनियम ओल्या हवेत स्वतः झिजून पोलादाला वाचवते, त्यामुळे त्यांच्या थरातले एखादे बारीक छिद्र बरेच दिवस सांभाळून घेतले जाते. क्रोमियम स्वतःवर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरून शांत बसते आणि फटीच्या तळाशी उघडे पडलेले पोलादच झिजू लागते. चांगले चकचकीत क्रोमियम आणि त्याखाली खोल जाणारा गंज अशी जी विचित्र जोडी आपण पाहतो, ती यामुळे.

पहिल्या खेपेचा धडा घेऊन दुसरी खेप तापवून करायचे ठरले, आणि इथे माझीही चूक झाली. “१८० च्या वर जाऊ नका,” एवढेच मी सांगितले. ते १८० कुठे मोजायचे हे सांगितले नाही. या खेपेच्या पिना आरशासारख्या आल्या. त्या हातात घेऊन सगळ्यांना आनंद झाला. मग एका पिनेच्या सपाट टोकावर रॉकवेलचा हिरा टेकवला, तर आकडा आला ५६. दुसरी पिन ५६, तिसरी ५५. या पोलादाचा हार्डनेस ६१ वरून ५६ वर येतो तेव्हा ते तीनशे अंशांच्या आसपास जाऊन आलेले असते. चेंबरच्या पॅनेलवर मात्र पूर्ण वेळ १८० दिसत होते, आणि ऑपरेटरने प्रामाणिकपणे नोंदवलेल्या लॉगशीटमध्येही तेच होते.

दोन्ही आकडे खरे होते, फक्त ते दोन वेगळ्या जागांचे होते. पॅनेलचा थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारी तार, चेंबरच्या भिंतीजवळ, एका पत्र्याच्या आडोशाला होता. भट्टीत हवा असते, ती फिरते आणि सगळीकडची उष्णता थोडीफार सारखी करते. व्हॅक्यूममध्ये हे काम करायला हवा नसते, उष्णता फक्त किरणांनी आणि प्रत्यक्ष स्पर्शाने जाते. शिवाय जॉबला हीटरखेरीज इतरही उष्णता मिळते. येऊन बसणारा प्रत्येक अणू थोडी ऊर्जा आणतो, बायस, म्हणजे खुद्द जॉबला ऋण विद्युतदाब, लावलेला असेल तर आयन सतत आदळत असतात, आणि समोरचे टार्गेट व प्लाझ्मा (विजेने आयन झालेला तो वायू) यांची धग लागतेच. चकचकीत धातू ही उष्णता बाहेर टाकण्यात कंजूष असतो. बारीक पिना आणि पातळ धारा अशा वेळी जाड ठोकळ्यांपेक्षा फार लवकर तापतात, त्यामुळे एकाच फिक्श्चरवर टांगलेल्या दोन जॉबच्या तापमानांतही मोठा फरक पडू शकतो. हीटर न लावताही तास-दोन तासांच्या कामात जॉब शंभर-दीडशे अंश चढणे सहज शक्य आहे, म्हणून “कोल्ड कोटिंग” या शब्दावर माझा कधीच विश्वास बसला नाही.

आणखी एक फसगत डोळ्यांची होते. आपल्याकडचा कोणताही जुना कारागीर पोलादाच्या रंगावरून ते किती तापले हे सांगतो: फिकट पिवळा म्हणजे सव्वादोनशे अंशांच्या आसपास, निळा म्हणजे तीनशेच्या जवळ. पण हे रंग पोलादावर हवेतल्या ऑक्सिजनने धरलेल्या पातळ ऑक्साइडचे असतात. व्हॅक्यूममध्ये ऑक्सिजनच नसतो, त्यामुळे तीनशे अंशांना जाऊन आलेली पिन पांढरीशुभ्र बाहेर येते आणि “रंग फिरलेला नाही, म्हणजे तापली नाही” असा निष्कर्ष काढला जातो. घाईने चेंबर गरम असतानाच उघडला तरच हे रंग दिसतात, आणि तेव्हा तर कोटिंगही हवेने डागाळलेले असते. आमच्या कारागिरांचे डोळे चुकत नाहीत. त्या बंद डब्यात त्यांना पाहायला काही शिल्लक राहत नाही.

तापमानाचा तिसरा परिणाम चेंबर थंड होताना दिसतो. पोलाद दर अंशाला लांबीच्या दहा लाखांत सुमारे १२ भाग प्रसरण पावते, क्रोमियम त्याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे ३०० अंशांनी थंड होताना १०० मिलिमीटर लांबीचे पोलाद ०.३६ मिलिमीटर आकसते आणि त्यावरच्या क्रोमियमला मात्र ०.१८ मिलिमीटरच आकसायचे असते. पोलाद जाड, थर तीन मायक्रॉनचा. थराला पोलादाचे ऐकावे लागते आणि तो दाबला जातो. सपाट जागी हे निभावून जाते, धारेवर आणि कोपऱ्यावर निभावत नाही. तिथे पोपडा सुटतो, आणि पकड चांगली नसेल तर अगदी चेंबरमधून बाहेर काढतानाच सुटतो. ॲल्युमिनियमचे उलट आहे. ते पोलादापेक्षा जवळजवळ दुप्पट आकसते, त्यामुळे थर ताणला जातो, पण मऊ असल्यामुळे तो बऱ्याचदा मुकाट्याने ताण सोसतो. जितके अधिक तापमान तितका हा हिशेब वाढत जातो, म्हणून पोलाद सोसत असले तरी तापमान उगाच चढवू नये.

मात्र कोटिंगच्या आधीची गरमी, निदान पावसाळ्यात, मुळीच टाळू नये. पोलादाच्या आणि चेंबरच्या भिंतींच्या अंगाला पाण्याच्या वाफेचा अदृश्य थर धरलेला असतो, आणि ऑगस्टमध्ये दार उघडे ठेवून जॉब भरले की पंपाला नेहमीपेक्षा कितीतरी अधिक वेळ लागतो, हे चेंबर चालवणारा कोणीही सांगेल. ती वाफ जाण्यासाठी जॉब सावकाश शंभर-दीडशे अंशांना नेऊन तिथे काही काळ ठेवणे आणि मग आर्गॉनच्या आयनांनी पृष्ठभाग खरवडून काढणे, यावरच पकड ठरते. आंधळ्या छिद्रात कटिंग ऑइल राहिले असेल तर ते याच वेळी बाहेर येऊन सगळी खेप बिघडवते. तसेच जॉबवर पितळी बुश असेल किंवा जस्ताचे, कॅडमियमचे प्लेटिंग असेल, तर कोटिंगवाल्याला आधी सांगावेच लागते. हे धातू व्हॅक्यूममध्ये थोड्या उष्णतेनेही उडतात आणि चेंबर खराब करतात.

तिसऱ्या खेपेला आम्ही उष्णतेचे काम दुसऱ्या उपायांनी करून घेतले. आर्गॉनचा दाब कमी केला आणि जॉबला ऋण बायस दिला, म्हणजे जो अणू उष्णतेने सरकला असता त्याला आयनांच्या माराने जागेवर ठासून बसवले. ही युक्ती आमची नव्हे. १९८६ मध्ये ऑस्ट्रेलियात विंडो आणि साविडेस यांनी टार्गेटमागच्या चुंबकांचा तोल मुद्दाम ढळवून जॉबपर्यंत अधिक आयन पोहोचवण्याची रीत मांडली, आणि १९९९ मध्ये स्वीडनच्या लिंकोपिंग येथून अतिशय मोठ्या शक्तीच्या क्षणिक झटक्यांनी स्पटरिंग करण्याची पद्धत पुढे आली. कमी तापमानाला दाट थर हे दोन्हींचे मोठे फळ आहे. पण आयनांचा मारही शेवटी उष्णताच देतो, म्हणून आम्ही काम सलग न करता मध्ये मध्ये थांबून पिना निवू दिल्या. एक बारीक थर्मोकपल नमुन्याच्या पिनेला भोक पाडून आत बसवला आणि ती पिन फिरत्या जॉबांच्या शेजारी, तेवढ्याच अंतरावर ठेवली. तिचे तापमान १६० च्या वर जाऊ दिले नाही. या पिना साठ-एकसष्ट भरल्या, आणि पाच टक्के मिठाच्या ३५ अंशांच्या फवाऱ्यात पहिल्या खेपेच्या पिनांपेक्षा कितीतरी जास्त काळ टिकल्या. रंगाला त्या दुसऱ्या खेपेइतक्या आरशासारख्या नव्हत्या, आणि मालकांना त्याची थोडी रुखरुख लागली, हेही नमूद करतो.

दुसरा मार्ग पोलाद बदलण्याचा आहे. ५२० अंशांच्या आसपास टेम्पर केलेले डी २ हे टूल स्टील किंवा साडेपाचशे अंशांना टेम्पर केलेले हायस्पीड स्टील वापरले तर कोटिंगला तीनशे-चारशे अंशांची मोकळीक मिळते आणि थर आपोआप दाट येतो. त्याला खर्च जास्त येतो, पण वारंवार भंगारात जाणाऱ्या पिनांपेक्षा तो परवडतो असे माझे मत आहे. गेजसारख्या मायक्रॉनमध्ये मोजायच्या वस्तूंना तर मी हाच मार्ग सुचवीन, कारण कमी तापमानाला टेम्पर केलेले पोलाद पुन्हा तापले की नुसते नरम पडत नाही, आतली घडण बदलून त्याचे मापही हलते.

आता मागणी. जॉब पाठवणाऱ्याने चलनावर तीन गोष्टी लिहाव्यात: पोलादाचा ग्रेड, शेवटच्या टेम्परिंगचे तापमान आणि पाठवतानाचा हार्डनेस. कोटिंगवाल्याने परत पाठवताना जॉब जास्तीत जास्त किती तापला आणि ते कुठे मोजले हे लिहावे. जॉबचे तापमान टेम्परिंगच्या खाली किमान वीस-पंचवीस अंश राहिले पाहिजे. थर्मोकपल लावणे शक्य नसेल, आणि फिरत्या फिक्श्चरवर ते खरोखर अवघड असते, तर त्याच पोलादाचा, त्याच भट्टीतून निघालेला आणि जॉबच्याच जाडीचा एक तुकडा प्रत्येक खेपेत बरोबर टांगावा आणि आधी व नंतर त्याचा हार्डनेस घ्यावा. पोलादाने सोसलेली उष्णता त्या तुकड्यात नोंदलेली असते.

याच तुकड्यावर पकडही तपासता येते. रॉकवेलचा हिऱ्याचा शंकू दीडशे किलोच्या भाराने दाबला की साठ हार्डनेसच्या पोलादात तो सुमारे ८० मायक्रॉन खोल जातो. तीन मायक्रॉनच्या थराने आकड्यात फरक पडत नाही, पण खड्ड्याच्या कडेला थराचे काय झाले ते शंभरपट भिंगाखाली स्पष्ट दिसते. नुसत्या बारीक चिरा असतील तर पकड ठीक, पोपडे निघून पोलाद उघडे पडले असेल तर नाही. जर्मन अभियंत्यांच्या संघटनेच्या व्हीडीआय ३१९८ या मार्गदर्शिकेत यासाठी पकडीच्या सहा दर्जांची चित्रे दिली आहेत आणि पहिले चार स्वीकारण्याजोगे मानले आहेत. या चाचणीला नवे यंत्र लागत नाही. रॉकवेल यंत्र आपल्या बहुतेक टूलरूममध्ये आहे.

कोटिंगवाल्या बंधूंना हे पत्र त्यांच्याविरुद्ध आहे असे वाटू नये. माझ्या अनुभवातल्या दोन्ही फसलेल्या खेपांत त्यांनी सांगितले तेवढे चोख केले होते; पहिल्यांदा त्यांना पोलादाची काळजी होती, दुसऱ्यांदा आम्हीच अर्धवट सूचना दिली होती. त्या पिना १८० अंशांना टेम्पर केल्या आहेत हा आकडा आमच्या हीट ट्रीटमेंटच्या रजिस्टरात होता, तिथून तो चलनावर उतरला नव्हता. छापील चलनात त्यासाठी जागा नसेल तर नवे पुस्तक छापून येईपर्यंत थांबू नये. मागच्या कोऱ्या बाजूला पेनाने लिहावे आणि खाली सही करावी.

आपला,
एक निवृत्त धातुतंत्रज्ञ,
चिंचवड, पुणे